निळ्या टोकाचा तुकडा

मी, खाली सही करणार, वय वर्षे चोपन्न, धंदा धातुपरीक्षण, अविवाहित आणि त्याबद्दल निष्खेद, आज शनिवारी सकाळी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाला, आर्जवाला वा थोरल्या बंधूंच्या डोळे वटारण्याला बळी न पडता, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवीत आहे. माझी बुद्धी स्थिर आहे. स्मृती तर इतकी स्थिर आहे की तिच्या कृपेने अनेकांना प्रस्तुत दस्तऐवजात उल्लेखिले जाण्याचा मान लाभणार आहे.

प्रयोजन असे. येत्या मंगळवारी शल्यचिकित्सक माझ्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत धातूच्या दोन जाळ्या बसवणार आहेत. मी पृच्छा केली, कोणत्या जातीचा धातू? ते म्हणाले, "इम्पोर्टेड." ज्याला आयात आणि मिश्रधातू यांतील भेद अवगत नाही, त्याच्या हाती हृदय सोपवण्यापूर्वी निरवानिरव केलेली बरी.

या मृत्युपत्राचा गाभा कलम नऊ हा आहे. ते कलम नानांविषयी आहे. नाना म्हणजे आमच्या कारखान्याची भट्टी सव्वीस वर्षे सांभाळणारे गृहस्थ. गेल्या वर्षी आम्ही बनवलेले पंपांचे नऊ शाफ्ट, म्हणजे फिरते दांडे, गंजले, ते भट्टी जास्त तापवल्यामुळे, असा ठपका ठेवून दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी, त्यांना काढून टाकले. नानांनी भट्टी जास्त तापवली नव्हती. याचा पुरावा माझ्या खणात आहे. बाकीची कलमे वाचण्याचा कंटाळा असलेल्यांनी थेट तेथे जावे. पण जाताना आपले नाव मध्ये कुठे आले आहे का, हे पाहिल्यावाचून कोणी जाणार नाही, याची मला खात्री आहे.

कलम १. घर. दोन खोल्या आणि सज्जा, असे माझे राहते घर दादांच्या कन्येस, म्हणजे माझ्या पुतणीस द्यावे. ती आमच्या प्रयोगशाळेत काम करते आणि उभ्या कुळात ऐकण्यापूर्वी मोजणारी ती एकटीच आहे. दक्षिणेकडील भिंतीला ओल येते. त्याविषयी इमारतीच्या अध्यक्षांशी मी अकरा वर्षे पत्रव्यवहार केला. ओल, भिंत आणि पत्रव्यवहाराची फाईल, तिन्ही तिच्या मालकीची होतील. फाईल ओलीपेक्षा जाड आहे.

कलम २. बँकेतील ठेव आणि कारखान्यातील माझा हिस्सा तिलाच. आकडा लिहीत नाही. दादा हे वाचणार आहेत.

कलम ३. लोहचुंबक. माझ्या टेबलावरील नालाकृती चुंबक कोठारप्रमुखांस द्यावा. हे दादांचे मेहुणे. कारखान्यात त्यांना 'चुंबकराव' म्हणतात. नाव मी ठेवले, श्रेय मी घेतो.

आमच्या कोठाराची रीत समजून घ्यावी. न गंजणाऱ्या पोलादाच्या जाती आकड्यांनी ओळखतात, पण सगळे बार दिसायला सारखेच चकाकतात. म्हणून प्रत्येक बारच्या एका टोकाला रंग फासलेला असतो: तीनशे सोळा या जातीला पिवळा, तीनशे तीनला निळा, इत्यादी. बार कापायचा तो नेहमी बिनरंगी टोकाकडून, म्हणजे शेवटच्या वीतभर तुकड्यापर्यंत त्याची जात त्याच्या अंगावर राहते. हा नियम मीच घालून दिला आणि कोठाराच्या भिंतीवर हातभर अक्षरांत स्वहस्ते रंगवला: "रंगाचे टोक शेवटी."

गेल्या वर्षी चुंबकरावांना कोठारात एक बार रंगाविना पडलेला आढळला. तो अनाथ कसा झाला, ते कलम नवात येईल. सुज्ञ मनुष्याने तो प्रयोगशाळेत पाठवला असता. चुंबकरावांनी त्याला चुंबक लावला, चुंबक चिकटला नाही, आणि त्यांना साक्षात्कार झाला की हे तीनशे सोळाच. त्यांनी त्याला पिवळा रंग फासला आणि पिवळ्या खणात सारला. वस्तुतः तीनशे तीनलाही चुंबक चिकटत नाही, तीनशे चारलाही नाही. चुंबक ताकालाही चिकटत नाही, म्हणून ताक कोणी शाफ्टला वापरत नाही. हे त्यांना त्या वेळी कोणी सांगितले नाही. सबब येथे लिहून ठेवतो. चुंबक त्यांनी वाऱ्याने दार आपटते तेथे उपयोगात आणावा. तेवढीच त्याची योग्यता आहे आणि त्यांचीही.

कलम ४. मायक्रोमीटर. लाकडी पेटीतला माझा जुना मायक्रोमीटर टर्नरला द्यावा. माणूस कसबी आहे, परंतु त्याचे तत्त्वज्ञान एवढेच की जे पोलाद सुखाने कापले जाते ते चांगले पोलाद. ज्यांतले नऊ पुढे गंजले त्या चाळीस शाफ्टांच्या कामात एके दिवशी मी लेथपाशी गेलो असता तो म्हणाला, "भाऊ, आजचा बार लोण्यासारखा चाललाय. छिलका कसा टकाटक तुटतोय बघा." तीनशे सोळा कधीही लोण्यासारखे चालत नाही. ते चिकट असते, लांबच लांब भेंडोळी काढते, टर्नरच्या सात पिढ्यांचा उद्धार करवून घेते. छिलका टकाटक तुटतो तो तीनशे तीनचा, कारण त्याच्यात मुद्दाम गंधक घातलेले असते. त्याला हे कळले नाही, हे क्षम्य. मी मात्र ऐकून, "माझी निवड आहे, चालणारच," असे म्हणालो आणि चालू लागलो. हे वाक्य मी गेले वर्षभर गिळतो आहे. ते अद्याप खाली गेलेले नाही.

कलम ५. काळ्या पुठ्ठ्याची वही. पुतणीस. हीत कर्बभरणासाठी स्टेनलेस कसे निवडावे, याची माझी एकोणतीस वर्षांची टिपणे आहेत. दादांनी हिला सदैव 'भाऊचं पुराण' म्हटले आणि एकदाही उघडली नाही. सबब तिची पाने उत्तम स्थितीत आहेत. सार येथे देतो, म्हणजे वही हरवली तरी मूर्खपणाला निमित्त उरणार नाही.

गिऱ्हाईक येते आणि म्हणते, कडक पण हवे आणि गंजायला पण नको. जणू तो हट्टी पोर आहे आणि आपण खेळण्यांचे दुकान. त्यास सांगावे की पोलादात क्रोमियम असतो, तो द्वारपाल. पृष्ठभागावर तो एक अदृश्य पापुद्रा धरतो आणि गंजाला आत येऊ देत नाही. आपण पृष्ठभाग कडक करण्यासाठी आत कर्ब भरतो. भट्टी नऊशे अंशांच्या वर नेली, की कर्ब आणि क्रोमियम एकमेकांना मिठी मारून बसतात. कडकपणा येतो, पण द्वारपाल मिठीत अडकलेला आणि दार उघडे. वस्तू बाहेरून तलवारीसारखी, समुद्राच्या पाण्यात महिन्याभरात लालभडक. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

म्हणून तीनशे सोळा, तेही कमी कर्बाचे, घ्यावे आणि भट्टी साडेचारशेच्या आसपासच ठेवावी. आधी आम्लाच्या वाफेने तो पापुद्रा दूर करावा, अन्यथा द्वारपाल कर्बालाही आत घेत नाही. मग पाच दिवस थांबावे. या मंद तापमानाला क्रोमियम जागचा हलत नाही. कर्ब तेवढा हळूच शिरतो आणि दाटीवाटीने बसतो. पृष्ठभाग कडक होतो आणि दारावरचा पहारा अबाधित राहतो. थर केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका पातळ येतो, म्हणून हे घासले जाणाऱ्या शाफ्टांसाठी, चिरडले जाणाऱ्या भागांसाठी नव्हे. चिरडण्याच्या कामाला वेगळी पोलादे आहेत: मुळात कर्ब कमी, क्रोमियम मुबलक, जोडीला निकेल किंवा कोबाल्ट. ती तप्त भट्टीत कर्ब घेऊनही थोडा द्वारपाल शिल्लक ठेवतात. त्यांची किंमत ऐकून गिऱ्हाईक उठून उभे राहील. त्यास चहा पाजावा आणि जाऊ द्यावे. चारशे चाळीसचा आग्रह धरणाऱ्यास सांगावे की त्याच्यात कर्ब आधीच काठोकाठ आहे. भरल्या घड्यावर पाणी ओतून पाय तेवढे ओले होतात.

आणि गंधकाचे तीनशे तीन खाऱ्या पाण्यात कधीही नाही, कर्ब भरून नाही, न भरून नाही. गंधकाचा प्रत्येक कण हे गंजाला आयते भोक आहे.

प्रश्न एकच विचारायचा असतो: कर्ब भरून झाल्यावर क्रोमियम किती मोकळा उरला? उर्वरित सर्व विद्वत्ता भोजनोत्तर गप्पांची.

कलम ६. स्वयंपाकघरातील भांडी वहिनींना. त्या ती अंगठ्याने वाजवून पारखतील. पारखू द्यावीत.

कलम ७. दादांविषयी. माझी आरामखुर्ची आणि माझे मत, दोन्ही त्यांना द्यावे. खुर्ची टेकायला बरी आहे.

ते चाळीस शाफ्ट मासळीच्या शीतगृहाला समुद्राचे पाणी ओढून देणाऱ्या पंपांचे होते. तीन महिन्यांत नऊ शाफ्टांना सुईच्या अग्राएवढी छिद्रे पडली, पंप गळू लागले, आणि शीतगृहाच्या अभियंत्याने लेखी खुलासा मागितला. आता चिंतन करावे. चाळीस शाफ्ट एकाच भट्टीत, एकाच वेळी, शेजारी शेजारी पाच दिवस होते. एकतीस निर्मळ, नऊ सडके. भट्टी तापली असती तर सगळे सडले असते. एवढे अनुमान शाळकरी मूलही काढील. दादांनी काढलेले अनुमान असे की भट्टीचा एक कोपरा तापला असावा, आणि कोपरा तापला म्हणजे नाना झोपले असावेत. त्यांनी "कामगाराच्या हलगर्जीपणामुळे" असे पत्र अभियंत्याला धाडले आणि नानांना बोलावून सांगितले की उद्यापासून यायचे नाही.

नानांनी एवढेच विचारले, "तक्ते बघितले का?"

भट्टीचे तापमान गोल कागदी तक्त्यावर आपोआप रेखाटले जाते, दिवसाला एक. दादांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, शोधतो. नाना जिन्यावरून खाली गेले. सव्वीस वर्षांचा मनुष्य डबा आणि छत्री घेऊन निघाला आणि जाताना भट्टीचे दार नीट लागले आहे ना, ते हाताने दाबून पाहून गेला.

ते पत्र या धंद्यात घरोघर फिरले. नानांना दुसऱ्या कोणत्याही कारखान्याने भट्टीजवळ उभे केले नाही. 'करपवे नाना' असे त्यांचे नामकरण झाले; हे नाव मी ठेवलेले नाही, परंतु पुसलेलेही नाही. सांप्रत ते एका इस्पितळाच्या वाहनतळावर पावत्या फाडतात. योगायोगाने तेच इस्पितळ माझ्या जाळ्यांचे आहे. मागच्या तपासणीच्या वेळी त्यांनी माझ्या स्कूटरची पावती फाडली आणि विचारले, "तब्येत काय म्हणते, भाऊ?" मी म्हणालो, बरी आहे. प्रश्नाच्या योग्यतेचे उत्तर देणे आमच्या कुळात नाही.

कलम ८. देह. गाजावाजा न करता दहन करावा. तापमान कमी ठेवू नये. मी तीनशे सोळा नाही. राखेत त्या दोन जाळ्या सापडल्यास पुतणीने त्यांचे पृथक्करण करून अहवाल शल्यचिकित्सकांना पाठवावा. मथळा: "इम्पोर्टेड."

कलम ९. नानांस. पुढील दोन वस्तू.

पहिली: पाच गोल तक्ते. ते कधीही हरवलेले नव्हते. पाचही दिवसांची रेषा साडेचारशेवर अशी फिरली आहे की कंपासने वर्तुळ काढावे. रोज पहाटे चारच्या सुमारास तिला एक बारीक खाच आहे. नाना तेव्हा दार किलकिले करून आत डोकावत असत. त्यांचा दोष एवढाच.

दुसरी: माझ्या टेबलावरील पोलादी तुकडा, ज्याने मी कागद दाबून ठेवतो. उंची चार बोटे, वरची बाजू आरशासारखी घासलेली. पाहुणे त्याची स्तुती करतात आणि मी ती स्वीकारतो. तो उलटा करावा. खालच्या बाजूस निळा रंग आहे.

हा तुकडा मी कापला. एका सुट्टीच्या दुपारी कारखान्यात कोणी नसताना मला टेबलासाठी काही शोभिवंत करण्याची लहर आली. तीनशे तीन हाताने सुखाने कापले जाते आणि घासल्यावर झळकते, हे माझ्याइतके कोणास ठाऊक असणार? बारचे रंगीत टोक मांडणीच्या बाहेर आले होते, बिनरंगी टोक भिंतीकडे होते. बार ओढून फिरवायचा म्हणजे कंबर दुखते. मी रंगीत टोक कापले. डोक्यावर भिंतीवर माझ्याच अक्षरांत माझाच नियम होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. परंतु पाषाणाला निदान नियम रंगवता येत नाहीत. तो बार मी तसाच ठेवून आलो. पुढचे कलम तीनमध्ये आहे. आता चुंबकरावांचा मूर्खपणा पुन्हा वाचून पाहावा. तो दुय्यम प्रतीचा आहे. अव्वल प्रतीचा माझा.

पुतणीने सहा महिन्यांपूर्वी एक सडका शाफ्ट कापून त्याच्या छेदावर आम्लात भिजवलेला फोटोचा कागद दाबला. जेथे गंधक तेथे तपकिरी ठिपके उमटतात. कागद देवीच्या व्रणांसारखा भरून गेला. ती माझ्याकडे घेऊन आली. "काका, हा पिवळा बारच नाहीये. निळा पिवळ्या खणात गेला कसा?" मी चष्मा पुसला. कागद त्या तुकड्याखालीच दाबून ठेवला आणि म्हणालो, बघतो. तिने माझ्याकडे पाहिले, तुकड्याकडे पाहिले नाही. ती मोजणारी आहे, परंतु मला मोजण्याचे तिच्या मनात आले नाही.

मी गप्प का राहिलो? परगावचे कारखानदार पोलाद निवडण्यापूर्वी मला विचारतात. "रंगाचे टोक शेवटी" हे वाक्य इतर दोन कारखान्यांनी उचलून आपल्या भिंतींवर रंगवले आहे. मला लाज सोसवली नसती, नानांना ती सोसवेल असे मी परस्पर ठरवले.

सबब माझ्या मृत्यूनंतर तक्ते, तुकडा आणि हे कलम नानांच्या हाती द्यावे, कारखान्यात सर्वांसमक्ष वाचावे, आणि प्रत शीतगृहाच्या अभियंत्याला पाठवावी.

पुरवणी (त्याच दिवशी, साडेअकरा वाजता, स्वहस्ते).

वरील मजकूर लिहून झाल्यावर साक्षीदार म्हणून मी वकीलबाईंना आणि नानांना बोलावले होते. नाना वाहनतळाच्या गणवेशात आले, पावतीपुस्तक खिशात. वकीलबाईंनी वाचून सांगितले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. नानांच्या जागी दुसरे कोणी पाहा. नाना म्हणाले, मला काय मिळतंय ते तर बघू द्या. त्यांनी कलम नऊ बोट फिरवीत वाचले. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा प्रारंभापासून वाचले. मी तुकडा उलटा करून त्यांच्यापुढे ठेवला होता. त्यांनी त्याला हात लावला नाही.

मग म्हणाले, "भाऊ, हे मला तुम्ही गेल्यावर मिळणार?"

मी म्हणालो, मृत्युपत्राची वहिवाट तशीच असते.

"आणि मंगळवारी तुमचं ऑपरेशन नीट झालं तर? मी काय करायचं? तुम्ही बरे व्हा म्हणायचं, का नको म्हणायचं?"

मी एकोणतीस वर्षे इतरांच्या बुद्धीची टवाळी करून कमावलेल्या शब्दसंपदेत शोधले. तीत काही सापडले नाही.

सबब कलम नऊ येथे रद्द करीत आहे, कारण त्यात द्यायचे ते आजच दिले. तक्ते नानांच्या हातात दिले. मग मी त्यांना घेऊन खाली लेथपाशी गेलो, तुकडा सर्वांना निळ्या बाजूने दाखवला आणि कलम नऊ मोठ्याने वाचले. टर्नरने मशीन बंद केले. चुंबकराव म्हणाले, म्हणजे माझी चूक नाही. त्यांना सांगितले की आहे, फक्त दुसऱ्या क्रमांकाची. पुतणीने तुकडा उचलून उलटा धरून पाहिला. शीतगृहाच्या अभियंत्याला नवे पत्र माझ्या सहीने लिहिले आणि टपालात टाकण्यासाठी तिच्याकडे दिले. जुन्या पत्राची प्रत जेथे जेथे गेली, तेथे तेथे याचीही जाईल.

दादा वर आले आणि दार लावून म्हणाले, "लेका, मेल्यावर वाचलं असतं तर निदान तोंड तरी दाखवायची वेळ आली नसती तुझ्यावर." मी म्हणालो, माझाही विचार अगदी तोच होता, आणि तो तुम्हालाही सुचला यावरून तो किती हलका होता ते कळते. जुन्या पत्राखाली सही त्यांची आहे. नानांना परत बोलावायचे की नाही, असे ते पुटपुटू लागले. कारखान्यात माझा निम्मा हिस्सा आहे. बोलावले आहे, असे मी सांगितले.

नाना मात्र लगेच हो म्हणाले नाहीत. "आधी भट्टी बघू दे. वर्षभरात दाराच्या फटीतली दोरी कोणी बदलली नसणार." ते खाली गेले. वीस मिनिटांनी आले तेव्हा हात काळे होते. बदललेली नव्हती. माफ केले असे ते म्हणाले नाहीत, आणि मी तसे लिहिलेलेही नाही.

आता नानांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नाही. म्हणून ते साक्षीदार होण्यास पात्र आहेत. तुकडा कोठाराच्या भिंतीवर नियमाखाली खिळ्यांनी पट्टी मारून बसवावा, निळी बाजू बाहेर.

हे सर्व मी वाचून, समजून, लाजून सही करीत आहे.

स्थळ: कारखान्याचे कार्यालय, जिन्यालगतची खोली.
वार: शनिवार. वेळ: दुपारी पाऊण.

(सही) मृत्युपत्रकर्ता, धातुपरीक्षक

आमच्या समक्ष सही केली:

साक्षीदार १. (सही) वकील

साक्षीदार २. (सही) नाना. धंदा: <s>वाहनतळ</s> भट्टीवाला.

('वाहनतळ' हा शब्द साक्षीदाराने स्वतः खोडला आहे. कागदावरील काळा अंगठा त्यांचाच. खोडाखोड मान्य. सही, मृत्युपत्रकर्ता.)